फ्रान्समध्ये एक सेमिस्टर: अर्जापासून गुणपत्रिकेपर्यंत

कागदावर सेमिस्टर साडेचार-पाच महिन्यांचं असतं. पहिले तीन आठवडे खोली, बँक आणि सिमकार्डात जातात, मधे एक सुट्टी येते, शेवटचा पंधरवडा परीक्षांचा. भाषेसाठी हातात उरतात जेमतेम तीन महिने. मी पूर्व फ्रान्समधल्या बेझांसोंला गेले तेव्हा हा हिशेब कुणी मांडून दाखवला नव्हता. सप्टेंबरमध्ये उतरले आणि माझा अख्खा ऑक्टोबर फॉर्म भरण्यात गेला. म्हणून खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने केल्या त्या क्रमाने नाहीत, ज्या क्रमाने करायला हव्या होत्या त्या क्रमाने आहेत.

पायरी १: फ्रेंच शिकायचं आहे, की फ्रेंचमधून शिकायचं आहे?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अर्जही वेगळे होतात. तुमच्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल तर तुम्ही अदलाबदलीचे विद्यार्थी म्हणून जाता, फ्रेंच मुलांच्याच वर्गात साहित्य, इतिहास, समाजशास्त्र असे विषय घेता आणि सेमिस्टरचे ३० युरोपीय क्रेडिट मिळवता. यासाठी साधारण बी-२ पातळी मागतात (भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात). दुसरी वाट विद्यापीठांच्या भाषा केंद्रांची. तिथे सगळे परदेशीच असतात, पहिल्या आठवड्यात चाचणी घेऊन पातळीप्रमाणे गट पाडतात, आणि भाषेच्या जोडीला साहित्य, चित्रकला, इतिहास असे तास असतात. अगदी ए-१ पासूनही प्रवेश मिळतो.

माझं मत विचाराल तर ए-२ पूर्ण केल्याशिवाय जाऊ नका. ‘माझं नाव अमुक, मला दोन भाऊ आहेत’ हे शिकायला युरोत फी भरण्याची गरज नाही, ते घरी होतं. आणि बी-१ वर असताना फ्रेंच मुलांच्या वर्गात पूर्ण सेमिस्टर घेण्याचं धाडसही नको. त्यापेक्षा भाषा केंद्रात नाव घाला आणि एखाद्या नियमित वर्गात मागच्या बाकावर नुसतं ऐकायला बसायची परवानगी मागा. बरेचदा मिळते.

केंद्रं जुनी आणि नावाजलेली आहेत. पॅरिसमध्ये सोरबॉनचे फ्रेंच संस्कृतीचे वर्ग १९१९ पासून चालू आहेत, तूरची संस्था १९१२ची, बेझांसोंचं केंद्र १९५८चं, विशीचं १९६४चं. ग्रनोब्ल, माँपेलिए, एक्स-आँ-प्रोव्हाँस इथेही विद्यापीठांची चांगली केंद्रं आहेत. नाव ओळखीचं नसेल तर ‘कालिते एफएलई’ हे सरकारी गुणवत्तेचं चिन्ह त्या केंद्राला आहे का, एवढं तरी पाहाच.

पॅरिस की छोटं गाव? पॅरिसचा मोह मी समजू शकते. पण तिथे खोलीचं भाडं खिसा कापतं, आणि तुमचं फ्रेंच अडखळलं की समोरचा लगेच इंग्रजीत सुरू होतो. बेझांसोंच्या बेकरीतल्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. माझं निम्मं फ्रेंच त्यांच्यामुळे सुधारलं.

पायरी २: अर्ज आणि व्हिसा

भारतातून जाणाऱ्यांचा रस्ता कॅम्पस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या ‘एत्यूद आँ फ्राँस’ या पोर्टलवरून जातो. सप्टेंबरला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत कामाला लागा. आधी प्रवेशपत्र, मग कॅम्पस फ्रान्सची मुलाखत, मग व्हिसा. राहण्याच्या खर्चासाठी महिन्याला किमान ६१५ युरो आहेत हे दाखवावं लागतं. हा व्हिसाचा आकडा आहे, जगण्याचा नव्हे. पॅरिसमध्ये तेवढ्यात भागत नाही.

व्हिसा हातात आला की स्टिकरवरची बारीक अक्षरं वाचा. नव्वद दिवसांवरच्या मुक्कामासाठी दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे निवास-परवान्याचं काम करणारा दीर्घ व्हिसा. तो फ्रान्सला पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन शुल्क भरून वैध करून घ्यावा लागतो. हे राहून गेलं तर व्हिसा पासपोर्टवर असूनही तुम्ही बेकायदा ठरता. दुसरा तात्पुरता दीर्घ व्हिसा. त्यावर ‘निवास-परवान्यातून तात्पुरती सूट’ अशा अर्थाचं वाक्य असतं. तो वैध करावा लागत नाही, पण तिथे बसून वाढवताही येत नाही. एका सेमिस्टरसाठी बरेचदा हा दुसराच देतात, त्यामुळे ‘गेल्यावर बघू, अजून एक सेमिस्टर वाढवू’ असा बेत असेल तर अर्ज करतानाच विचार करा.

नावाचा एक घोळ आपल्या लोकांचा खास. मराठी माणसाच्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावाला लागून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. फ्रेंच फॉर्ममध्ये ‘नों’ म्हणजे आडनाव आणि ‘प्रेनों’ म्हणजे पहिलं नाव. तिसरा रकानाच नाही. त्यामुळे वडिलांचं नाव तुमचं दुसरं प्रेनों होऊन बसतं आणि मुलीच्या नावाने पुरुषाचं नाव लावलेली पत्रं येऊ लागतात. त्याला इलाज नाही. फक्त पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, प्रत्येक फॉर्मवर लिहा. एका ठिकाणी गाळलं आणि दुसरीकडे लिहिलं, तर कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही दोन माणसं.

जन्मदाखल्याचं अधिकृत शपथबद्ध अनुवादकाकडून केलेलं फ्रेंच भाषांतर लागतं, आरोग्य विम्यासाठी तर हमखास. अनुवादक फ्रान्समध्ये मान्य होणारा आहे ना, हे आधी विचारून घ्या. सगळ्या कागदांच्या पाच-पाच प्रती आणि एक पीडीएफ फोल्डर फोनमध्ये.

पायरी ३: खोली

सर्वांत स्वस्त म्हणजे ‘क्रूस’ या सरकारी विद्यार्थी-सेवा संस्थेची वसतिगृहं. नऊ-दहा चौरस मीटरची खोली, सामायिक स्वयंपाकघर. करारावर जाणाऱ्यांसाठी विद्यापीठ काही खोल्या राखून ठेवतं, म्हणून प्रवेशपत्र आल्याच्या दिवशी तिथल्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला पत्र टाका.

खाजगी खोली घेणार असाल तर ‘बाय मोबिलिते’ हा शब्द पाठ करा. २०१८च्या कायद्याने आलेला हा भाडेकरार एक ते दहा महिन्यांचा असतो, खोली सामानासह असते, विद्यार्थ्यांना तो करता येतो आणि त्यात घरमालकाला अनामत रक्कम मागताच येत नाही. नेहमीच्या सामानासह भाडेकरारात दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत जाऊ शकते, हे लक्षात घेतलं की फरक कळतो. शिवाय बहुतेक मालक ‘गारां’, म्हणजे भाडं थकलं तर भरणारा जामीनदार मागतात, आणि तो फ्रान्समधला हवा असतो. आपल्याला कुठून मिळणार? त्यासाठी ‘विझाल’ ही फुकट हमी-योजना आहे. तिशीपर्यंतच्या तरुणांना ती घेता येते, पण करारावर सही करण्याच्या आधी.

तिसरा पर्याय एखाद्या कुटुंबात राहण्याचा. स्वातंत्र्य थोडं कमी, पण रोज रात्री जेवणाच्या टेबलावर तासभर फ्रेंच कानावर पडतं. एकाच सेमिस्टरसाठी जाणाऱ्याला मी हाच सुचवते.

खोलीचा ताबा घेताना ‘एता दे लिय’ होतो, म्हणजे खोलीच्या अवस्थेचा लेखी पंचनामा. घाई करू नका. मी भिडेखातर सही करून मोकळी झाले. सिंकखालच्या कपाटाचं दार बिजागरीतून निखळलेलं होतं, ते मला तिसऱ्या दिवशी दिसलं आणि जाताना त्याचे पैसे कापले गेले. नळ उघडा, गाद्या उचला, खिडकीच्या झडपा खाली-वर करा, भिंतीवरच्या प्रत्येक खिळ्याचं भोक लिहून घ्या आणि फोटो काढा. त्या दहा मिनिटांत मालकाला तुमचा राग आला तर येऊ दे.

आणि खाली पत्रपेटीवर तुमच्या नावाची पट्टी लावा. त्याच दिवशी. नाव नसलेल्या पेटीत पोस्टमन पत्र टाकत नाही, ते परत जातं. बँकेचं कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक दोन्ही पोस्टानेच, वेगवेगळ्या दिवशी येतात.

घरभाड्याच्या सरकारी मदतीबद्दल जुने विद्यार्थी भरभरून सांगतील. ती धरून खर्च मांडू नका. तात्पुरत्या दीर्घ व्हिसावर ती मिळत नाही, आणि युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी तिचे नियम कडक होत चालले आहेत.

पायरी ४: पहिला पंधरवडा

इथे एक चक्र सुरू होतं. बँक म्हणते, राहत्या घराचा पुरावा आणा. घरमालक म्हणतो, फ्रेंच खात्याचा ‘रिब’, म्हणजे खात्याचा तपशील छापलेला कागद, आणि घराच्या विम्याचा कागद आणा. विमा कंपनी म्हणते, रिब द्या. चक्र कुठून तोडायचं? घराच्या विम्यापासून. भाडेकरूला तो लागतोच, ऑनलाइन दहा मिनिटांत निघतो आणि पहिला हप्ता परदेशी कार्डाने भरता येणाऱ्या कंपन्या आहेत. विम्याचा कागद दाखवला की चावी, करार दाखवला की बँक. कुटुंबात राहत असाल तर यजमानांकडून ‘आतेस्तासियों देबेर्जमां’, म्हणजे ‘ही व्यक्ती आमच्याकडे राहते’ असं सहीचं पत्र, त्यांच्या ओळखपत्राच्या प्रतीसह घ्या.

 रिबशिवाय फोनची मासिक योजनाही मिळत नाही. तोवर प्रीपेड सिमवर भागवा.

सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या आमेली पोर्टलवर फुकट होते, पण क्रमांक हाती यायला वेळ लागतो. म्हणून निघताना पूर्ण मुक्कामाचा खाजगी प्रवास विमा घेऊनच निघा. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १५, पोलिसांसाठी १७, अग्निशमन दलासाठी १८ आणि काहीच सुचलं नाही तर ११२.

पायरी ५: वर्गात

विद्यापीठाचे तास दोन प्रकारचे. ‘कूर माजिस्त्राल’ म्हणजे मोठ्या सभागृहातलं व्याख्यान: प्राध्यापक दोन तास बोलतात, मुलं खाली मान घालून लिहितात, मधे कुणी प्रश्न विचारत नाही. ‘त्राव्हो दिरिजे’, ज्याला सगळे ‘तेदे’ म्हणतात, ते छोट्या गटात असतात. तिथे हजेरी लागते आणि तोंड उघडावं लागतं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलीला विचारा, ‘तुझ्या नोट्स बघू का?’ फ्रेंच विद्यार्थी नोट्स वाटून घेतात आणि हीच ओळखीची सर्वांत सोपी सुरुवात असते.

खरा धक्का बसतो तो लेखी निबंधाचा, ‘दिसेर्तासियों’चा. आपल्याकडे प्रश्न आला की माहिती लिहायची सवय. माझ्या पहिल्या पेपरात प्रवासवर्णनांबद्दल प्रश्न होता. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सात पानं भरून लिहिलं. वीसपैकी आठ मिळाले, आणि समासात लाल शाईत दोनच शब्द: ‘ए आलोर?’ म्हणजे, ‘बरं, मग?’

त्यांना माहिती नको असते, वाद हवा असतो. प्रश्नातले शब्द आधी उकलायचे, त्यांतला ताण शोधायचा आणि तो एका प्रश्नाच्या रूपात मांडायचा. याला ‘प्रोब्लेमातीक’ म्हणतात. समजा विषय आहे, ‘प्रवासाने माणूस बदलतो का?’ तर ‘प्रवासाचे फायदे’ लिहायचे नाहीत. विचारायचं: प्रवासात आपल्याला खरंच दुसरा माणूस भेटतो, की आपण सोबत नेलेलंच परत आणतो? मग पहिल्या भागात एक बाजू, दुसऱ्यात तिला छेद, तिसऱ्यात दोन्हींच्या पलीकडे नेणारा विचार. प्रस्तावनेच्या शेवटी हे तीन भाग आधीच जाहीर करायचे. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेतला पूर्वपक्ष-उत्तरपक्ष माहीत असेल तर हे परकं वाटणार नाही. वेळ तीन-चार तासांचा असतो. पहिला तास कच्च्या कागदावर आराखडा करण्यात गेला तरी घाबरू नका, शेजारीही तेच करत असतात.

गुण वीसपैकी. दहाला उत्तीर्ण, बाराला ‘बऱ्यापैकी चांगला’, चौदाला ‘चांगला’, सोळाला ‘फार चांगला’. तेरा गुणांना पासष्ट टक्के समजून रडत बसू नका. तेरा म्हणजे तिथे छान काम.

प्राध्यापकांना ई-मेल करताना सुरुवात नुसतं ‘मादाम,’ किंवा ‘मस्य,’ अशी. नाव नको, ‘प्रिय’ नको, आणि ‘बोंजूर’ ओळख वाढल्यावरच.

पायरी ६: तोंड उघडणं

दुकानात, बसमध्ये, डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात शिरल्या शिरल्या ‘बोंजूर’ म्हणा. हे अभिवादन कमी आणि आत येण्याची परवानगी जास्त आहे. बोंजूर न म्हणता थेट ‘अमुक कुठे मिळेल?’ विचारलंत तर समोरचा तुमचा प्रश्न बाजूला ठेवून ठासून ‘बोंजूर’ म्हणेल आणि थांबेल. फ्रेंच माणूस तुसडा असतो असं जे ऐकून येतो, त्यातला अर्धा भाग या एका शब्दाचा आहे.

‘त्यु’ आणि ‘व्हू’ आपल्याला जड जाऊ नयेत, अरे-तुरे आणि अहो-जाहो आपल्या रक्तातच आहे. पण सीमारेषा वेगळ्या. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या मिनिटापासून ‘त्यु’ म्हणतात. तिथे ‘व्हू’ म्हणालात तर तुम्ही फटकून वागताय असं वाटेल. आई-बाबा दोघांनाही ‘त्यु’च. देवालाही, आपल्यासारखंच. दुकानदार, प्राध्यापक, शेजारच्या आजी यांना ‘व्हू’, आणि ते स्वतःहून ‘त्यु म्हण’ म्हणेपर्यंत ते सोडायचं नाही.

उच्चारात आपल्याला एक स्वर नडतो, रस्त्यासाठीच्या ‘र्यू’मधला. आपण त्याला ‘ऊ’ करतो आणि रस्त्याचं चाक होतं. जिभेने ‘ई’ म्हणायचं आणि ओठ ‘ऊ’सारखे आवळायचे, आरशासमोर आठवडाभर. अनुनासिक स्वर कोकणी बोलणाऱ्यांना आयतेच येतात, बाकीच्यांनी कष्ट घ्यावेत. शब्दांची जोडणी मात्र आपल्या संधीसारखीच: ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’. लिंगाचंही आपलं बरं असतं, विशेषण बदलायची सवय असते. फक्त चांदोमामा तिकडे बाई होतो, हे पचायला दिवस लागतात.

फोन नंबर लिहून घेणं ही खरी परीक्षा. दहा आकडे पाच जोड्यांत सांगतात. ‘स्वासांत’ ऐकलं की हात ६ लिहून मोकळा होतो, आणि मग कानावर येतं ‘सेझ’. साठ-सोळा, म्हणजे ७६! खोडा. ‘कात्र-व्हँ’ म्हणजे चार वीस, ऐंशी, म्हणून ८ लिहावं तर पुढे ‘कातोर्झ’, चौदा. झाले ९४. पूर्ण जोडी ऐकेपर्यंत पेन टेकवायचं नाही हा एकच उपाय. आणि एकोणसत्तर-एकोणऐंशी म्हणणाऱ्यांनी यावर फार हसू नये.

पुस्तकातलं फ्रेंच रस्त्यावर भेटणार नाही. ‘मला माहीत नाही’चे चार शब्द बोलताना ‘शे पा’ होतात, नकारातला पहिला शब्द गळतो. बोलताना तुम्हीही गाळा, लिहिताना मात्र नाही.

सर्वांत मोठा धोका फ्रेंचांचा नाही, आपल्याच परदेशी मित्रांचा आहे. वर्गातले ब्राझीलचे, कोरियाचे, जर्मनीचे सगळे तुमच्याइतकेच एकटे असतात. दुसऱ्या आठवड्यात टोळी जमते आणि टोळीची भाषा इंग्रजी होते. मी टोळीत होते, मजा आली, आणि नोव्हेंबरपर्यंत माझं फ्रेंच होतं तिथेच होतं. मग विद्यापीठाच्या समूहगायनात नाव घातलं. सूर लागत नव्हता, पण आठवड्यातून दोन संध्याकाळी तीस फ्रेंच माणसांत बसायला मिळालं. नाट्यगट, डोंगर चढणारे, बॅडमिंटन, काहीही चालेल. नोंदणी बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्येच होते.

पायरी ७: खाणं, सुट्ट्या, सण

क्रूसच्या उपाहारगृहात दुपारचं पूर्ण जेवण बाहेरच्या कॉफी-क्रोआसांच्या पैशांत होतं. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, मग मासा येतो, नाहीतर सॅलडमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. तिन्हींची नावं घेऊन नाही म्हणा. कडक पाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की काँतेसारखं परंपरागत चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात.

रविवारी बहुतेक दुकानं बंद, लहान गावांत सोमवारीही बरीचशी. संपाची सूचना आधी जाहीर होते, म्हणून रेल्वेने जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी आहे का पाहा. तरुणांचं वार्षिक सवलत कार्ड २७ वर्षांपर्यंत मिळतं आणि तिकिटावर ३० टक्के सूट देतं. दोन-तीन लांबच्या प्रवासांत पैसे वसूल. दीर्घ व्हिसा असलेल्या २६ वर्षांखालच्यांना लूव्र आणि ओर्सेसारख्या संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा.

शरदाच्या सेमिस्टरला गेलात तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार चुकवू नका. एरवी बंद असलेल्या कचेऱ्या, वाडे, न्यायालयं त्या दोन दिवशी लोकांना आतून पाहता येतात. वसंतात गेलात तर जानेवारीत कुणाच्या तरी घरी ‘गालेत’ खायला मिळेल. त्या बदामाच्या केकमध्ये एक छोटीशी चिनीमातीची मूर्ती दडवलेली असते. घरातलं सर्वांत लहान पोर टेबलाखाली बसतं आणि वरून विचारतात, ‘हा तुकडा कुणाला?’ ते न बघता नाव सांगतं. त्या दिवशी टेबलाखाली मला बसवलं होतं, वय तेवीस, कारण जमलेल्यांत लहान मीच. आठ जणांची नावं आणि उच्चार पाठ झाले.

पायरी ८: परतीच्या आधी

सामानासह घेतलेली खोली सोडायची सूचना एक महिना आधी, नोंदणीकृत पत्राने. फोन आणि विमा बंद करायलाही लेखी कळवावं लागतं, नाहीतर हप्ते कापले जात राहतात. अनामत दिली असेल तर ती यायला महिना-दोन महिने लागतात, तोवर बँक खातं बंद करू नका. फ्रेंचच्या पातळीचं प्रमाणपत्र देणारी डेल्फ किंवा डाल्फची परीक्षा तिथेच द्यायची असेल तर तारखा पहिल्या महिन्यातच बघा, जागा भरतात. प्रमाणपत्राला मुदत नसते, कायमचं राहतं.

गुणपत्रिका, तिकडची ‘रलवे द नोत’, तुम्ही विमानात बसल्यावर कधीतरी तयार होते. विभागाच्या सचिव बाईंना जाण्याआधी प्रत्यक्ष भेटा, बोंजूर म्हणा, आणि ती ई-मेलने आणि घरच्या पत्त्यावर पाठवायला सांगून तुमच्यासमोर लिहून घ्यायला लावा. माझी गेली जुन्या खोलीच्या पत्त्यावर. पेटीवरची पट्टी मी तोवर काढून आणली होती.